एवढ्या गुणांवर प्रवेश मिळेल का?

(हीरक महोत्सवी वर्षात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण.)



साठ वर्षांच्या वाटचालीचा हा सोहळा आहे. शाळेच्या स्थापनेपासूनचा इतिहास माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलाच आहे, त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. मला आज एका प्रश्नाविषयी बोलायचे आहे. दरवर्षी जून महिना उजाडला की तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहतो. कधी पालक विचारतात, कधी आपलाच एखादा जुना विद्यार्थी संकोचाने दूरध्वनी करतो : “बाई, नीटला एवढे गुण पडलेत. मेडिकलला प्रवेश मिळेल का?”

मी मराठीची शिक्षिका. विज्ञानाशी माझा संबंध विद्यार्थ्यांच्या वह्यांवर सह्या करण्यापुरता. तरीही मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसल्यावर सगळ्या प्रश्नांची उत्तरे आपल्याला येतात, असा एक भ्रम माणसाला होतो. माझा तो भ्रम फिटला आपल्या शाळेपासून फार दूर, तमिळनाडूतल्या पापनाशम या गावी. तिथूनच आरंभ करते.

पापनाशम हे माझे आजोळ. तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, कावेरीच्या खोऱ्यातले हे लहानसे गाव. एकशे आठ शिवलिंगांचे मंदिर आणि चहूबाजूंनी भाताची शेते, ही त्याची ओळख. संगीताच्या जाणकारांना पापनाशम शिवन या थोर रचनाकारामुळे हे नाव ठाऊक असेल. व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ जी मराठी कुटुंबे कावेरीकाठी गेली आणि तिथलीच झाली, त्यांतले माझ्या आईचे घराणे. आजही त्या घरात मराठी बोलली जाते. आपल्या कानांना ती थोडी जुनी, थोडी तमिळच्या हेलाची वाटते. लिहिण्याचा व्यवहार मात्र सगळा तमिळमध्ये.

वैद्यकविद्येचे त्या मुलखाला वावडे नाही. १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या सरफोजीराजांनी ‘धन्वंतरी महाल’ उभारला. तिथे देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींचा अभ्यास होत असे. नेत्ररुग्णांच्या उपचारांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. लहानपणी मामा ही हकिगत अशा अभिमानाने सांगत, की जणू राजांनी शस्त्रक्रिया केली तेव्हा दिवा धरून तेच उभे होते.

२०२१ च्या नोव्हेंबरात मामींच्या वर्षश्राद्धासाठी मी पापनाशमला गेले होते. त्या वर्षी तिथे पावसाने कहर केला होता, शेते पाण्याखाली होती. दुपारी ओट्यावर बसले असता मामांकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी हातात एक कागद घेऊन आली. सहावीपासून बारावीपर्यंत ती सरकारी शाळेत तमिळ माध्यमातून शिकलेली. १ नोव्हेंबरला नीटचा निकाल लागला होता आणि तिला ७२० पैकी ३०६ गुण होते. मी शिक्षिका आहे हे तिला कळले होते. तिने कागद पुढे केला आणि एकच शब्द उच्चारला : “किडैक्कुमा, टीचर?” मिळेल का?

मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी तिला उत्तर दिले. आपल्याकडचे आकडे माझ्या डोक्यात होते. महाराष्ट्रात त्या गुणांवर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा विचारही कोणी केला नसता. मी म्हणाले, “कठीण आहे, बाळ. परिचर्येचा अभ्यासक्रम बघ.” तिने मान हलवली, कागदाची घडी घातली आणि ती गेली. मला वाटले, आपण एका मुलीला खोट्या आशेपासून वाचवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शाळेतले जीवशास्त्राचे शिक्षक मामांच्या दारात उभे राहिले. मुलीची आई त्यांना सांगून आली होती, की महाराष्ट्रातल्या मोठ्या बाई नाही म्हणतात, तेव्हा आता अर्ज राहू दे. ते शिक्षक माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले, की तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशांत ७.५ टक्के जागा राखल्या आहेत. या मुलांची स्पर्धा परस्परांशी आहे. त्यांचे शुल्कही शासन भरते. “या यादीत तिचा क्रमांक चांगला आहे,” ते म्हणाले. त्यानंतरच्या समुपदेशनात तिला शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. आज ती शेवटच्या वर्षात आहे.

पालकहो, ते शिक्षक त्या सकाळी आले नसते तर? माझ्या एका वाक्याने एक डॉक्टर कमी झाली असती, आणि मी मात्र आयुष्यभर स्वतःला हितचिंतक समजत राहिले असते. त्या दिवसापासून नुसते गुण ऐकून मी कोणालाही ‘होईल’ वा ‘होणार नाही’ असे सांगणे सोडले. त्याऐवजी त्या गुणांच्या मागे काय असते, हे समजून घेण्याचा प्रयत्न केला. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट वर्षाची. आपल्या शाळेतून दहावी झालेला एक विद्यार्थी, वडील एस.टी.त वाहक, प्रवर्ग खुला. २०२४ मध्ये त्याला नीटला ६१२ गुण मिळाले. मी स्वतः त्याचे अभिनंदन केले, शाळेत पेढे वाटले. परंतु त्या वर्षी गुणांचा पूर आला होता. प्रथम निकालात ६७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण होते. पुढे वाढीव गुणांचा व प्रश्नपत्रिका फुटल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सुधारित निकालात हा आकडा १७ वर आला. त्या वर्षी ६०० गुणांना देशात सुमारे ८० हजारावा क्रमांक होता. आपल्या मुलाला सरकारी जागा मिळाली नाही. खासगी महाविद्यालयाचे शुल्क झेपणारे नव्हते. त्याने वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा दिली.

२०२५ ची प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राची, अतिशय अवघड निघाली. देशात सर्वाधिक गुण होते ६८६. या वेळी आपल्या मुलाला मिळाले ५४१, गेल्या वर्षीपेक्षा ७१ कमी. त्याचे वडील मला सांगत होते, “बाई, दोन दिवस मी पोराशी बोललो नाही.” पण २०२५ मध्ये ६०० गुणांचा क्रमांक होता तेराशेच्या आसपास. ८० हजार आणि तेराशे! गुण तेच, वर्ष निराळे. कमी गुण मिळवून तो मुलगा आता सरकारी महाविद्यालयात प्रवेशास पात्र ठरला आहे. ते दोन दिवसांचे मौन मात्र त्याच्या वडिलांना आजही बोचते. म्हणून माझी विनंती आहे, की निकाल लागल्यावर गेल्या वर्षीचे आकडे समोर ठेवून मुलाचा न्याय करू नका. गुणांच्या शेजारी छापलेला अखिल भारतीय क्रमांक आधी वाचा. प्रवेश गुणांच्या आकड्यावर मिळत नाही, क्रमांकावर मिळतो.

दुसरी गोष्ट ‘पात्र’ या शब्दाची. २०२३ मध्ये एक पालक पेढे घेऊन आले. मुलीला १४१ गुण होते आणि निकालपत्रावर ती पात्र असल्याचे छापले होते. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा १३७ होती. त्यांना वाटले, मुलगी डॉक्टर झाली. पेढा हातात घेऊन मला त्यांना समजवावे लागले, की खुल्या प्रवर्गाला लागणारे ५० पर्सेंटाईल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे असणे, एवढाच त्याचा अर्थ. २०२५ मध्ये ही रेषा १४४ वर होती. परीक्षा दिली बावीस लाखांनी, पात्र ठरले बारा लाखांहून अधिक, आणि देशभरातल्या एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यांतल्याही निम्म्याच सरकारी. म्हणजे दहा पात्र मुलांमागे जागा एकच. पात्रतेमुळे आयुर्वेद, होमिओपॅथी अशा अभ्यासक्रमांच्या रांगेत उभे राहता येते, परदेशी शिक्षणाचा विचार करता येतो. रांगेत उभे राहणे आणि आत जाणे यांत मात्र अंतर आहे. नेमके हे अंतर न सांगता मोठमोठी आश्वासने देणारे मध्यस्थ निकालानंतर घरोघरी दूरध्वनी करतात. परदेशी पदवी घेऊन आलेल्यांना इथे आणखी एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, हे ते शेवटी सांगतात, किंवा सांगतच नाहीत. त्या पालकांनी थोडे थांबून विचार केला. मुलगी आज परिचर्येच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षात आहे आणि तिच्याविषयी बोलताना तिच्या वडिलांचा आवाज आता खाली जात नाही.

तिसरी गोष्ट यादीची. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या ८५ टक्के त्या त्या राज्याच्या. महाराष्ट्राच्या जागांसाठी सर्वसाधारणपणे अधिवास इथला हवा आणि दहावी-बारावी इथूनच झालेली हवी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त गावांतल्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. माझ्या आजोळची मराठी बोलणारी मुले मात्र तमिळनाडूच्या यादीतली. भाषा आपली असली तरी यादी त्यांची. त्यात गैर काही नाही, कारण त्यांची माती ती आहे. सांगायचे इतकेच, की एका राज्यातले उत्तर दुसऱ्या राज्यात लागू पडत नाही. तमिळनाडूत ६९ टक्के आरक्षण आहे, तिथले प्रवर्ग वेगळे आहेत. आपल्याकडे २०२० पर्यंत विभागनिहाय ७०:३० चे सूत्र होते, ते त्या वर्षी रद्द झाले. म्हणजे आपल्याच राज्यात थोरल्या भावाच्या वेळचे गणित धाकटीला चालत नाही.

आणि यादीत नाव लागण्यासाठी कागद लागतात. हे सांगताना माझा स्वर थोडा कठोर होईल, क्षमा करा. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, यांपैकी एखादा कागद वेळेत हाती नसल्यामुळे हक्काची जागा हुकते की काय, अशी धावपळ मी अनेक घरांत पाहिली आहे. मूल रात्री दोन वाजेपर्यंत जागते आणि आपण तहसील कार्यालयाची पायरी निकालानंतर चढतो. मूल अकरावीत जाईल त्याच वर्षी ही कामे हाती घ्या. शाळेच्या दाखल्यावरील नाव, जन्मतारीख, जात यांतली चूक आमच्याकडून झाली असेल तर ती दुरुस्त करणे आमचे काम आहे. त्यासाठी महिन्याचा पहिला शनिवार आपण कार्यालयात राखून ठेवला आहे.

आता भाषेविषयी. हा विषय मी टाळला, तर मराठी शाळेची मुख्याध्यापिका म्हणवून घेण्याचा अधिकार मला उरणार नाही.

नीट आज तेरा भाषांतून देता येते, त्यांत मराठी आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रातून अडीच लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. पण देशभरात मराठी प्रश्नपत्रिका निवडणारी मुले दोन हजारांच्या आत होती. त्याच वर्षी तमिळ प्रश्नपत्रिका निवडणारी तीस हजारांवर. या आकड्यांनी मला अस्वस्थ केले. आपली मुले दहावीपर्यंत ‘पेशी’ शिकतात आणि अकरावीच्या पहिल्या दिवशी ‘सेल’ ऐकतात. प्रकाशसंश्लेषण त्यांना उत्तम समजलेले असते, पण फोटोसिंथेसिस म्हणजे तेच, हे उमगेपर्यंत वर्गातले मूल गप्प बसायला शिकलेले असते. विषय समजलेल्या मुलाला आपण मागे आहोत असे वाटू लागते. हे त्याचे अपयश नाही. आपण पूल न बांधता त्याला पैलतीरी बोलावले, हा आपला दोष आहे.

तमिळनाडूत हा प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे आला. २००७ पासून जवळजवळ दहा वर्षे तिथे वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत होते. नीट आल्यावर तमिळ माध्यमातील, ग्रामीण आणि सरकारी शाळांतील मुलांचा वाटा घसरला, असा निष्कर्ष निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ मध्ये काढला. विधानसभेने परीक्षेतून सूट मागणारे विधेयक २०२१ मध्ये संमत केले, २०२२ मध्ये पुन्हा संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. परीक्षा असावी की नसावी, या वादात मी पडत नाही. दोन्ही बाजूंना विचारी माणसे आहेत. पण पापनाशमपासून कोल्लिडम नदी ओलांडली की अरियलूर जिल्हा लागतो. तिथल्या एका मजुराच्या मुलीला २०१७ मध्ये बारावीला १२०० पैकी ११७६ गुण होते आणि नीटमध्ये ८६. त्या सप्टेंबरात ती हे जग सोडून गेली. तेव्हा सारा तमिळनाडू हळहळला. एकाच मुलीची ही दोन गुणपत्रके माझ्या मनात नेहमी शेजारी शेजारी असतात. त्यांतले खरे कोणते, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, ती मुलगी खरी होती. गुणपत्रके दोन्ही अपुरी होती.

म्हणून या हीरक महोत्सवी वर्षात आपण दोन लहान कामे सुरू केली आहेत. नववी-दहावीच्या विज्ञानाच्या तासाला प्रत्येक मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा फळ्यावर लिहिली जाते आणि मुले ती दुरेघी वहीत उतरवतात. दुसरे, दहावीनंतर शाळा सोडून गेलेल्या मुलांसाठी दर रविवारी सकाळी दोन तास वर्ग उघडा असतो. तिथे आपलेच वैद्यकीय, औषधनिर्माण, परिचर्या, भौतिकोपचार शिकणारे माजी विद्यार्थी येऊन बसतात. शिकवणी नव्हे, शंका विचारण्याची जागा. अकरावीत गप्प झालेले मूल इथे पुन्हा मराठीत बोलते. माजी विद्यार्थी मित्रहो, देणगी द्यालच. पण महिन्यातला एक रविवार दिलात तर ती देणगी अधिक मोठी होईल.

पालकांना शेवटचे सांगणे. निकालाच्या दिवशी मूल आपल्या तोंडाकडे पाहत असते. आकडा त्याने आधीच वाचलेला असतो, त्याला आपला चेहरा वाचायचा असतो. त्या दिवशी त्याला जेवायला वाढा. क्रमांक, यादी, कागद, शुल्क, हे चार प्रश्न दुसऱ्या दिवशी घेऊन या, आपण एकत्र बसू. उत्तर ‘होय’ असेल तर आनंद आहेच. ‘नाही’ असेल, तर तेही मी आता स्पष्ट सांगते, कारण दुसऱ्या, तिसऱ्या प्रयत्नात मुलाची उमेदीची वर्षे संपतात हेही मी पाहिले आहे. मात्र ‘नाही’ सांगण्यापूर्वी मी सगळे तपासते. पापनाशमच्या त्या शिक्षकांनी हे मला शिकवले.

गेल्या दिवाळीत त्या मुलीचा दूरध्वनी आला होता. आता ती रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्ण तपासते. मी तिला विचारले, “त्या दिवशी मी नाही म्हणाले, त्याचा राग नाही ना आला?” ती हसली आणि तमिळमध्ये म्हणाली, “नाही टीचर, तुम्ही म्हणालात म्हणून तर सर घरी आले.” तिचे मन मोठे आहे. मला मात्र माझी चूक विसरायची नाही.

आपल्या शाळेच्या पुढच्या साठ वर्षांत ‘मिळेल का?’ असे विचारत येणाऱ्या प्रत्येक मुलाला नीट ऐकून, तपासून, आपुलकीने उत्तर देणारे कोणीतरी या इमारतीत असावे, एवढीच प्रार्थना करते आणि थांबते.